गुळव्याचा पंचा

आमच्या पोखरवाडीचा ऊस त्या काळी इतका उंच व्हायचा, की तोडणी धरायच्या आधी शेंड्यावरच्या कावळ्यांना आठ दिवस आगाऊ सांगावं लागायचं. कुणाला खोटं वाटत असेल तर त्या कावळ्यांतले दोन-तीन अजून आहेत, जाऊन विचारावं. पण आज सांगायची ती एका खुर्चीची, एका दगडाची आणि एका मळक्या पंच्याची हकीकत. ती मी समोर बसून पाहिलेली आहे, कारण लालासाहेबांच्या गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं ढकलायचं काम माझ्याकडं होतं. जाळासमोर बसणाऱ्याला सगळं लख्ख दिसतं.

साल एक्केचाळीस. तिकडं विलायतेत लढाई पेटली होती आणि इकडं आमचं चुलवाण. लालासाहेब आमचे पाटील. दोनशे एकर बागायत, दारात घोडी, घरात बंदूक, आणि अंगात एकच खोड. आपल्यापेक्षा उंच कुणी बसलेलं त्यांना खपत नसे. सांगलीहून त्यांनी एक शिसवी खुर्ची करवून आणली होती. लालासाहेब जातील तिथं दोन गडी ती खुर्ची उचलून न्यायचे आणि तिसरा विटांची पाटी घेऊन मागून चालायचा. समोरचा माणूस बरोबरीला आला, की खुर्चीच्या पायांखाली चार विटा. एकदा इस्लामपुरात एका लग्नात त्यांना त्यांच्यासारखाच दुसरा मानकरी भेटला. त्याच्याकडंही विटा होत्या. इकडून एक थर, तिकडून एक थर, असं करता करता दोघांची मुंडकी मांडवाच्या कापडातून वर निघाली. खाली पंगती उठल्या तरी हे दोघं वरच. शेवटी जिलब्या काठीला ओवून वर पोचवल्या. त्यांनी टाकलेल्या अक्षता कापडावरच अडकल्या, आणि ते लग्न दोन माणसांनी कमी लागलं असं तिकडचे लोक अजून म्हणतात.

तर अशा माणसाच्या राज्यात एक जागा अशी होती, जिथं रोज कुणीतरी त्यांच्या डोक्यावर बसायचं. ती जागा म्हणजे त्यांचंच गुऱ्हाळ.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैल चरक फिरवतात, चरकातून उसाचा रस निघतो, तो रस काहिलीत पडतो. काहील म्हणजे अख्खं घर आंघोळ करील एवढी लोखंडी कढई. ती चुलवाणावर, आणि चुलवाणाच्या काठावर, छातीएवढ्या उंचीवर, एक चौकोनी काळा दगड. त्या दगडावर गुळव्या बसतो. रस कधी गूळ होतो हे ज्याला कळतं तो गुळव्या. वरून त्याला रसाचे बुडबुडे दिसले पाहिजेत, म्हणून तो वर. मालकाची बाज खाली, वाऱ्याच्या बाजूला. ही रीत पणज्याच्या पणज्यापासूनची.

आमचा गुळव्या मौला. अंगानं वाळल्या शेंगेएवढा, अंगात ठिगळाची बंडी, खांद्यावर पंचा. पंच्याचा मूळ रंग कुठला, हे त्याच्या बायकोलाही, मेहरुनबीलाही, आठवत नव्हतं. गुऱ्हाळात चरक कुरकुरतो, जाळ घोंघावतो, तिथं ओरडून कुणाला ऐकू जात नाही. म्हणून गूळ झाला की मौला बोलायचा नाही. पंचा खांद्यावरून काढून एकदा झटकायचा. पंचा झटकला की आठ गडी कड्यांतून वासे घालून काहील उचलायचे आणि वाफ्यात, म्हणजे गूळ थिजवायच्या उथळ खड्ड्यात, ओतायचे. एका श्वासाचा उशीर झाला तर करपट, एक श्वास लवकर झाला तर नुसती काकवी. त्या आठांना याची इतकी सवय, की एकदा बाजारात मौलानं माशी हाकलायला पंचा झटकला, तर आठही जणांनी समोरचा टांगा घोड्यासकट उचलला आणि ओतायला जागा शोधू लागले.

लालासाहेबांनी त्या हिवाळ्यापर्यंत हा दगड कसा सहन केला? तर गुऱ्हाळाकडं ते फिरकतच नसत. गूळ घरी येतो, मग बघायला कशाला जायचं? पण त्या वर्षी त्यांना सरकारी पदवी घेऊन रावसाहेब व्हायचं होतं. लढाईसाठी त्यांनी गावातली चाळीस पोरं भरतीला दिली होती, सगळी दुसऱ्यांची. आता साताऱ्याहून गोरा साहेब स्वतः येऊन गाव बघणार आणि वर लिहिणार, की हा माणूस रावसाहेब होण्याच्या लायकीचा आहे की नाही. साहेबाला गूळ कसा होतो ते बघायचं होतं. म्हणजे लालासाहेबांची रावसाहेबकी थेट काहिलीत येऊन पडली.

साहेबाच्या आधी दोन दिवस त्याचा शिरस्तेदार जागा बघायला आला. गुऱ्हाळात शिरला आणि दगडाकडं बोट करून म्हणाला, "तिथं कोण बसतं?"

"गुळव्या," लालासाहेब म्हणाले.

"आणि साहेबबहादुर?"

"खाली. बाजंवर."

शिरस्तेदाराची पगडी हलली. "पाटील, साहेबांच्या वर फक्त झेंडा असतो. आणि तुम्ही ठिगळाची बंडी बसवणार? रावसाहेबकी विसरा."

साहेबाची सोय सोपी होती. दोन बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकल्या, वर खुर्ची. पण मौला दगडावर बसला तर लालासाहेबांपेक्षा उंच, आणि लालासाहेब गाडीवर बसले तर साहेबाच्या बरोबरीला. विटांचा हिशेब कुठूनही जमेना. शेवटी संध्याकाळी त्यांनी मौलाला बोलावलं.

"मौला, परवा तू खाली बसायचं."

"बसतो की," मौला म्हणाला. "मला काय, खाली ऊब जास्त. पर दगडावर कोन बसनार?"

"मी."

मौलानं पंचा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. मी जवळच चुलवाणातली राख ओढत होतो.

"मालक, गूळ झाला ह्ये तुमास्नी कळंल?"

"आरं, माझा ऊस, माझी काहील, माझे गडी. मला न्हाई कळनार तर कुनाला? उपरणं झटकायचं एवढंच न्हवं?"

"एवढंच," मौला म्हणाला, आणि बिडी शिलगावून निघून गेला.

घरी चंद्राबाईंना हे कळलं. लालासाहेबांची ही बायको मोठी धोरणी. उभ्या आयुष्यात त्या कधी खुर्चीवर बसल्या नाहीत, पण त्या तांदूळ निवडता निवडता खोकल्या तरी खुर्ची दोन बोटं मागं सरकायची. त्या म्हणाल्या, "आवं, पंचा तर त्याच्या खांद्यावर हाय."

"पंचे आपल्याकडं काय कमी हायत? पैठणी उपरणं काढ माझं, जरीचं."

"काढते," चंद्राबाई म्हणाल्या. "जरीचं झटकलं की काहील आपोआप उचलती का, त्ये मलाबी बघायचं हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळीच मोटार आली. साहेब उतरला. गाजरासारखा लाल, पण माणूस साधा. गाड्यांवरच्या खुर्चीत चढून बसला. शिरस्तेदार त्याच्या कानाशी. बायका लिंबाखाली, गाव कुंपणाला. लालासाहेब दगडावर चढले. अंगात काळा कोट, डोक्याला कोशापटक्याचे वीस हात, खांद्यावर जरीचं उपरणं. मौला माझ्या शेजारी चुलवाणाच्या तोंडाशी पालथ्या घमेल्यावर बसला. तिथून काहिलीचं बूड तेवढं दिसतं.

रस निघाल्यावर साहेबासाठी चरक थांबवला आणि मी जाळ घातला. रस तापला, मळी वर आली, गड्यांनी ती काढून टाकली. रस उसळू लागला. आता दगडाची खरी गंमत अशी, की खाली तीन हातांवर जाळ आणि पुढ्यात उकळता रस. मौला तीस वर्षं तिथं वाळून खणखणीत झालेला. लालासाहेब पहिल्यांदाच. पाव-पाऊण तासात कोट भिजला. पटक्याचा पीळ सुटून एक टोक कानावर आलं. घाम भुवयांवरून मिशीत आणि मिशीतून टपटप. आता घाम पुसायचा तर उपरण्यानं, आणि उपरण्याला हात लावला की गड्यांना खूण होणार! म्हणून ते हात मांडीवर दाबून, डोळे ताठ करून बसले.

शिरस्तेदारानं साहेबाला काहीतरी सांगितलं. साहेबानं हॅट काढली. त्याला वाटलं, गूळ करायच्या आधी मालकानं अशी तपश्चर्या करायची असते.

तेवढ्यात मधमाशा आल्या. गुऱ्हाळावर माशा यायच्याच. पण आमच्या गावच्या माशा रोज गोड खाऊन चिमण्यांएवढ्या झालेल्या. त्यांतली एक आली आणि लालासाहेबांच्या नाकाच्या शेंड्यावर बसली. साऱ्या गावानं श्वास धरला. लालासाहेबांनी खालचा ओठ पुढं काढून वर फुंकर मारली. माशी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. त्यांनी नाक डावीकडं नेलं, माशी नाकाबरोबर गेली. मग तिनं जागा निवडली आणि डंख मारला.

"आगं आयायाया!" म्हणत लालासाहेबांनी उपरणं ओढलं आणि झटकलं.

गडी हलले नाहीत.

रस अजून पातळ होता हे खरं. पण गड्यांनी तो पाहिलाच नव्हता. आठही जणांची नजर खाली, माझ्या शेजारी, पालथ्या घमेल्यावर. तीस वर्षं माना जिकडं वळायच्या तिकडं वळलेल्या. मौला डोळे मिटून बसला होता.

लालासाहेबांना वाटलं, आता झटकलंच आहे तर झटकलं. त्यांनी पुन्हा झटकलं. जरीचे काठ चमकले. "उचला रं!"

"व्हय मालक!" आठही जण एका सुरात म्हणाले. आणि उभे.

"आरं उचला म्हंतो न्हवं!"

"व्हय मालक!"

"नाथाजी! मी मालक हाय का न्हाई रं?"

"तुमीच की मालक!" आठांतला नाथाजी हात जोडून म्हणाला. वासा दोन्ही हातांच्या मधे धरूनच त्यानं हात जोडले, पण पाऊल काही उचललं नाही.

साहेबानं शिरस्तेदाराला विचारलं, हे काय चाललंय? शिरस्तेदार म्हणाला, मंत्र. त्याला तरी दुसरं काय सुचणार?

आता खरी वेळ आली. रसाचा आवाज बदलला. आधी खळखळ असतो, मग घट्ट होत गेला की डबडब होतो, ते मलाही कळायचं. मौलाचे डोळे उघडले. नाकपुड्या फुलल्या. त्याचा हात खांद्याकडं गेला आणि तिथंच राहिला. मी हळूच म्हणालो, "मौला, झटक की गड्या! करपंल!"

"आनि मालक?" तो पुटपुटला. "साहेबाच्या म्होरं मी झटकला अन् ह्येंनी उचललं, तर मालकाची रावसाहेबकी गेली. न्हाई झटकला तर मालकाचा गूळ गेला. अन् माझं नाव बी."

वर लालासाहेबांना हे काही ऐकू गेलं नाही, पण त्यांनी खाली पाहिलं. नाक वांग्याएवढं झालेलं, पटका गळ्यात, आणि डोळ्यांत अशी विनवणी की तेवढ्यापुरती मला त्यांची कीव आली. साऱ्या मुलखाला आज्ञा करणारा माणूस एका पंच्याकडं बघत होता.

लिंबाखालून चंद्राबाई उठल्या. साहेब, शिरस्तेदार, गाव, कुणाची पर्वा न करता चुलवाणापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मौलाभाऊ, मानसांचं मागनं बघू. आधी गूळ बघा."

मौला उठला. दोन ढांगांत दगडावर चढला. खांद्यावरचा पंचा काढला, लालासाहेबांच्या खांद्यावर ठेवला आणि त्यांच्या पाठीमागं उकिडवा बसला. काहिलीतला थेंब पाण्यात टाकून गोळी केली, काठावर मारली. टण्‌ वाजली. त्यानं लालासाहेबांच्या बरगडीत बोट खुपसलं.

लालासाहेब उडाले आणि पंचा झटकला गेला.

आठ वासे कड्यांत गेले, काहील उचलली, वाफ्यात ओतली. सोन्यासारखा गूळ! साहेबानं टाळ्या वाजवल्या, खाली आला, ऊन गूळ चाखला, आणखी मागितला. जाताना सगळ्यांशी हात मिळवले. त्यातही पहिला मौलाशी. मौलाचा हात चिकट होता, तो साहेबाच्या हातातून सुटायला जरा वेळ लागला. साताऱ्यापर्यंत मोटारीचं चाक साहेबानं एकाच हातानं फिरवलं म्हणतात, दुसरा गुळाच्या ढेपेवर होता.

लालासाहेबांनी त्या दिवशी पंचा परत दिला नाही. घरी घेऊन गेले. मौलाला त्याचं काही वाटलं नाही. मेहरुनबीची जुनी ओढणी त्यानं खांद्यावर टाकली, ती झटकली, गड्यांनी काहील उचलली. मौलाच्या खांद्यावर गोणपाट असतं तरी उचलली असती.

महिन्यानं लाखोट्याचं टपाल आलं. गाव चावडीपाशी जमलं. लालासाहेब खुर्चीवर, खुर्ची तीन विटांवर. कुलकर्ण्यांनी लाखोटा फोडला, वाचला, पुन्हा वाचला, आणि पाणी मागितलं.

कागदात लिहिलं होतं, की पोखरवाडीचे श्रीयुत मौला यांना सरकार 'खानसाहेब' ही पदवी देत आहे.

झालं होतं ते असं. साहेबाच्या देशात राजा ज्याला मोठा करायचा त्याच्या खांद्यावर तलवार ठेवतो. ठेवणारा मोठा, ज्याच्या खांद्यावर ठेवतात तो लहान. साहेबानं पाहिलं, की आठ गड्यांचे, बायकांचे, खुद्द पाटलाचे डोळे एका माणसाकडं लागलेत, आणि त्या माणसानं येऊन पाटलाच्या खांद्यावर वस्त्र ठेवलं. मग गावाचा धनी कोण हे विचारायची त्याला गरजच वाटली नाही. हिंदूला रावसाहेब, मुसलमानाला खानसाहेब, एवढा नियम त्यानं नीट पाळला.

लालासाहेब विटांवरून कसे उतरले ते कुणी पाहिलं नाही. सगळे मौलाकडं पळाले होते.

आता तुम्ही म्हणाल, मौलाची चंगळ झाली. कसली चंगळ! दुसऱ्या दिवशी तो गुऱ्हाळावर आला तर दगडावर जरीची गादी. गडी टोप्या काढून उभे. नाथाजी म्हणाला, "खानसाहेब, तुमी धुरात कशाला? बाजंवर बसा. आमी सांगतो की."

"आरं तू काय सांगनार, मुडद्या? हो बाजूला." मौला गादी फेकून दगडावर बसला. रस तापला, घट्ट झाला. मौलानं ओढणी झटकली.

"व्हय खानसाहेब!" आठही जण म्हणाले.

आणि मग उठले.

ते 'व्हय' म्हणण्यात एक श्वास गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा मौलाच्या गुळाला करपट वास आला. मौलानं गुळाचा खडा जिभेवर ठेवला, आणि थुंकला. कुपवाडहून त्याचे मामेभाऊ खानसाहेब बघायला आले होते, त्यांना म्हणाला, "ह्यो कागद माझ्या गुळाला लागला, बाबा." उठला आणि लाखोटा घेऊन थेट पाटलांच्या घरी.

मीही मागून गेलो. राख टाकायचं निमित्त होतं.

लालासाहेब परसात होते. खांद्यावर मौलाचा पंचा. समोर दावणीला बैल, पलीकडं दोन गडी. लालासाहेब पंचा काढायचे, झटकायचे आणि वाट बघायचे. बैल रवंथ करायचे. गडी म्हणायचे, "व्हय मालक." चंद्राबाई जोत्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि म्हणाल्या, "महिनाभर चाललंय. काल कोंबड्यांवर झटकला. एक कोंबडी उठली, पर ती अंड्यासाठी."

लालासाहेब ओशाळले. नाकावरचा डाग अजून होता. "बसा, खानसाहेब," ते म्हणाले. त्या एका शब्दाला त्यांना किती कष्ट पडले, ते त्यांच्या मिशीनं सांगितलं.

"मालक, तेवढं म्हनू नका," मौला म्हणाला. "ह्यो कागद घ्या. तुमच्यासाठीच निघाला हुता, वाटंत पत्ता चुकला. तुमाला शोभंल. मला न्हाई सोसत, गूळ करपतो."

लालासाहेबांनी कागद घेतला. उलटा केला, सुलटा केला. "पर ह्यात नाव तुझं हाय रं."

"मला कुटं वाचता येतंय?" मौला म्हणाला. "अन् गावात तरी कुनाला येतंय? कुलकर्णी सोडून. ऐकल्यालं गाव चार दिसांत विसरतं, अन् कुलकर्णी काय, वैनीनी एक बार बघितलं की विसरंल."

चंद्राबाई सुपातले खडे काढत म्हणाल्या, "विसरला बी."

लालासाहेबांनी पंचा खांद्यावरून काढला. क्षणभर त्यांचा हात घुटमळला. एकदा शेवटचा झटकावा असं त्यांच्या मनात आलं असावं. पण बैलांकडं बघून त्यांनी तो तसाच मौलाच्या हातात दिला. मौलानं खांद्यावर टाकला आणि जाता जाता सवयीनं एकदा झटकला. ते दोन्ही गडी उठले, बैलांची दावी सोडली आणि बैल गाडीला जुंपले. कुठं जायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर मौलानं आठ जणांना बजावलं, "जो 'व्हय' म्हनंल त्याच्या तोंडात गरम काकवी घालीन." त्या दिवसाचा गूळ सांगलीच्या पेठेत लोकांनी दिवा समजून उशाशी ठेवला, इतका पिवळा.

आणि तो कागद? तो सोनेरी चौकटीत लालासाहेबांच्या ओसरीवर लागला. खुर्चीच्या वर, बरोबर मधोमध. खालचा सही-शिक्का स्वच्छ दिसायचा, वरचा मुकुटाचा ठसा दिसायचा. 'साहेब' हा शब्द दिसायचा. नावावर आणि 'खान'वर झेंडूचा एक जाडजूड हार असायचा. तो रोज ताजा, रोज नेमका तेवढ्याच अक्षरांवर. हार मौलाच्याच घरून यायचा, मेहरुनबी ओवायची. मापही तिनंच घेतलेलं होतं.